नाव घराचे, नोंद कोणाची?

जुन्या बाजारपेठांत आजही अशा पेढ्या दिसतात, की ज्यांच्या पाटीवरील नावाचा गृहस्थ केव्हाच दिवंगत झालेला असतो. गाळा बदललेला असतो, भागीदार बदललेले असतात, कित्येकदा मालही बदललेला असतो. नाव मात्र तेच राहते. उधारी नावावर मिळते आणि पतही नावाचीच असते. इंटरनेटच्या जगातही माणसे नावानेच एकमेकांपर्यंत पोचतात. फरक एवढाच, की तेथील नाव वडिलोपार्जित नसते. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवून घ्यावे लागते. त्या नावापुढचा पत्ता कोणत्या वहीत लिहायचा आणि त्या वहीत लिहिण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हेही मालकालाच ठरवावे लागते. बहुतेक कुटुंबांत हा निर्णय कोणी घेत नाही. तो नकळत होऊन जातो. सांगलीतील हळदीच्या व्यापारातील एका एकत्र कुटुंबाने तो विचारपूर्वक घेतला. तो कसा घेतला, हे इतर व्यापारी कुटुंबांनीही पाहण्याजोगे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा या कुटुंबाच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर पाणी शिरले. आजोबांच्या काळातील रोजमेळ आणि खतावण्या भिजल्या. ज्या वाचल्या त्या वाळवून, पानन् पान स्कॅन करून ठेवण्यात आल्या. त्यांच्याबरोबर लग्नकार्यांची छायाचित्रे, जमिनीची कागदपत्रे आणि पेढीच्या हिशेबाच्या रोजच्या प्रतीही एकत्र ठेवाव्यात, असे ठरले. घरातील पुतण्या संगणक अभियंता. त्याने पहिल्या मजल्यावरच्या कपाटात एक लहानसा संगणक बसविला, त्यात दोन डिस्क घातल्या आणि एकीवरील मजकूर दुसरीवर आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली. हाच त्यांचा घरचा सर्व्हर. महत्त्वाच्या कागदांची तिसरी प्रत पुण्यातील आत्यांच्या घरी ठेवण्याची दक्षताही त्याने घेतली.

घरात बसून हे सारे उत्तम चालले. प्रश्न आला तो बाहेरून पोचण्याचा. गोदामावर बसलेल्या धाकट्या काकांना जुना सौदा पाहायचा असे, आत्यांना छायाचित्रे हवी असत. त्यासाठी घराच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता ठाऊक असावा लागतो. हा पत्ता म्हणजे आकड्यांची एक लांब ओळ. आणि घरगुती जोडणीत ती कायम राहील याची हमी नसते. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की पत्ता बदलू शकतो. म्हणून पत्त्याला नाव द्यायचे, आणि पत्ता बदलेल तेव्हा नावापुढची नोंद बदलायची. ही नोंद ठेवणाऱ्या जगभरच्या व्यवस्थेला डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यात डीएनएस, म्हणतात.

या व्यवस्थेचा इतिहास व्यापाऱ्याला चटकन कळण्याजोगा आहे. इंटरनेटच्या पूर्वजन्मी, अर्पानेटच्या काळात, साऱ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर यांच्या हाताखालील कार्यालय ती सांभाळी आणि बाकीचे सर्व तिची नक्कल उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढली, तशी एका गादीवरून सगळ्यांची खाती लिहिणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. तिच्यात एक मोठी वही नाही, तर वह्यांची उतरंड आहे. सर्वांत वरच्या वहीत फक्त एवढेच लिहिलेले असते, की डॉट कॉमची वही कोणाकडे आणि डॉट इनची कोणाकडे. डॉट कॉमच्या वहीत लिहिलेले असते, की अमुक पेढीची वही कोणत्या नेमसर्व्हरवर आहे. आणि त्या शेवटच्या वहीत खरा पत्ता असतो. भारताची डॉट इनची वही निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत अशी नावेही घेता येतात.

यावरून तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात येते. नावाची मालकी ही पहिली; ती रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या कंपनीकडे नोंदविलेली असते. नावापुढील पत्त्यांची वही ही दुसरी. ती जेथे ठेवली जाते त्यालाच डीएनएस होस्टिंग म्हणतात. आणि प्रत्यक्ष माल, म्हणजे सर्व्हर, वेबसाइट, ई-मेलची पेटी, ही तिसरी. जमिनीच्या व्यवहारात मालकी, ताबा आणि वहिवाट यांत जो भेद करतात, तसाच हा भेद आहे. तिन्ही एकाच हाती असू शकतात, पण त्या एकच आहेत असे समजणे धोक्याचे.

हा धोका किती जवळ आहे, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी समजले. पेढीचे डॉट कॉम नाव दहा वर्षे वापरात होते. बिलांवर ते छापलेले, मसाल्याच्या कारखान्यांच्या मागण्या त्याच नावाच्या ई-मेलवर येत. परंतु नोंद तपासली, तेव्हा मालक म्हणून नाव निघाले ते पूर्वी वेबसाइट बनवून देणाऱ्या व्यावसायिकाचे. पेढी दरवर्षी पैसे भरत होती आणि मालकी दुसऱ्याची होती. त्या गृहस्थाच्या मनात वाईट नव्हते; त्याने सगळ्याच ग्राहकांची नावे स्वतःच्या खात्यात घेतली होती, कारण ते सोयीचे होते. महिनाभर पत्रव्यवहार करून, हस्तांतरणाचा गुप्त संकेत मिळवून ते नाव पेढीच्या खात्यात आणावे लागले. थोरले काका तेव्हा एवढेच म्हणाले, “दुकानाचा भाडेकरार आपण तीनदा वाचतो. हा कागद मात्र कोणी मागितलासुद्धा नाही.”

त्यानंतर खरा विचार सुरू झाला: वही ठेवायची कोठे?

पुतण्याची पहिली इच्छा वही घरच्याच सर्व्हरवर ठेवण्याची होती. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, शिकायला मिळते आणि कोणाची मिंधेगिरी नाही. काकांनी विचारले, “पुन्हा पूर आला आणि घरची वीज आठ दिवस गेली, तर पेढीच्या ई-मेलचा पत्ता लोकांना कोण सांगेल?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. ई-मेलची पेटी बाहेरच्या कंपनीकडे सुरक्षित असली, तरी ती कोठे आहे हे सांगणारी वही पाण्यात असती. शिवाय बदलत्या पत्त्यावर बसलेल्या वहीला कोण शोधणार? वही कोठे आहे हे वरच्या वहीत लिहावे लागते, आणि तो पत्ता स्थिर असावा लागतो. एकाच घरात, एकाच जोडणीवर सर्व वह्या ठेवू नयेत, त्या दूरदूरच्या ठिकाणी असाव्यात, हा या क्षेत्रातला जुनाच दंडक आहे.

तो मोडला तर बलाढ्यांचेही काय होते, हे जगाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहिले. त्या दिवशी भारतात रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. बाजारातील कित्येकांना तो पहाटेपर्यंतचा खोळंबा आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची माहितीकेंद्रे जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. कंपनीच्या नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर कंपनीचेच होते. माहितीकेंद्रांशी संपर्क नाही, असे दिसताच त्यांनी ठरलेल्या नियमाप्रमाणे स्वतःकडे येण्याचे मार्ग जाहीर करणे थांबविले. म्हणजे वह्या शाबूत होत्या, पण त्या जेथे होत्या तेथे जाण्याची वाट उरली नव्हती. दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनेही त्याच कारणाने चालेनात.

मग वही बाहेर ठेवणे आले. सोपा मार्ग असा, की ज्या रजिस्ट्रारकडे नाव आहे त्याच्याचकडे वही ठेवावी. बहुतेक जण ती विनामूल्य ठेवतात. दुसरा मार्ग, केवळ हेच काम करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे ती द्यावी. तिसरा, एकाच वेळी दोन संस्थांकडे ठेवावी, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी उत्तर देईल. या तिसऱ्या मार्गाला आधार आहे तो २१ ऑक्टोबर २०१६ च्या घटनेचा. त्या दिवशी डिन या डीएनएस पुरविणाऱ्या अमेरिकन कंपनीवर प्रचंड हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय यांसारखी नावे काही काळ अनेकांना सापडेनाशी झाली. त्या हल्ल्यासाठी वापरली गेलेली यंत्रे म्हणजे मुख्यतः घराघरांतील असुरक्षित कॅमेरे, चित्रमुद्रक आणि राउटर. घरचे यंत्र इंटरनेटला जोडताना मूळ पासवर्ड बदलायचाच, हा धडाही त्यातच होता.

पुतण्या आता दोन संस्थांच्या बाजूने बोलू लागला. येथे काकांचा व्यापारी अनुभव कामी आला. दोन वह्या ठेवायच्या, तर त्यांचा मेळ रोज बसला पाहिजे. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसे असतात. घरात ते काम एकट्या पुतण्यावर पडेल, आणि मेळ न बसलेल्या दोन वह्या एका वहीपेक्षा वाईट. वही काही तास गप्प राहिली, तर नुकसान किती? ई-मेल पाठविणारी यंत्रणा पत्ता मिळाला नाही म्हणून लगेच हार मानत नाही. साधारणतः चार-पाच दिवस ती पुन्हापुन्हा प्रयत्न करते. वेबसाइट दोन तास दिसली नाही, तर हळदीचा भाव कोसळत नाही. पण वहीत खोटी नोंद झाली तर? कोणी परक्याने ई-मेलची नोंद स्वतःकडे वळविली, तर ग्राहकांची पत्रे त्याच्याकडे जातील. बँकेच्या आणि कराच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्याकडे जातील. तो पेढीच्याच पत्त्यावरून ग्राहकाला लिहील, की यापुढे रक्कम अमुक खात्यात भरावी. वही काही तास बंद राहणे परवडते. वहीत परक्याचा हात पडणे परवडत नाही.

या एका वाक्याने प्रश्नाचे रूपच बदलले. वही कोठे ठेवायची यापेक्षा तिच्यात कोण लिहू शकतो, हे महत्त्वाचे ठरले. पुतण्याच्या मूळ योजनेतील दोष त्यामुळेच उघड झाला. घराचा पत्ता बदलला की घरच्या सर्व्हरने आपोआप वहीत नवा पत्ता लिहावा, अशी त्याची योजना होती. त्यासाठी सर्व्हरमध्ये वहीची किल्ली ठेवावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती किल्ली साऱ्या वहीला लागू होते. म्हणजे कपाटातील तो संगणक कोणी फोडला, तर छायाचित्रांबरोबर पेढीच्या ई-मेलची नोंदही त्याच्या हाती लागली असती.

वाणिज्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो, की हिशेबाच्या दृष्टीने व्यवसाय आणि मालक हे दोन स्वतंत्र घटक आहेत. घरखर्च पेढीच्या खर्चात घालायचा नसतो. कुटुंबाने तोच नियम येथे लावला. पेढीच्या नावाची वही वेगळी केली. तिच्यात वेबसाइट आणि ई-मेल एवढ्याच नोंदी. तिच्यात यंत्राने लिहायचे नाही, माणसानेच लिहायचे. घरासाठी त्याच नावाखाली एक उपनाव काढले आणि त्याची वही निराळ्या खात्यात ठेवली. घरच्या सर्व्हरकडे फक्त या धाकट्या वहीची किल्ली. बँकेच्या भाषेत, सर्वाधिकार न देता मर्यादित मुखत्यारपत्र दिले. दोन्ही वह्या बाहेरच्या, अनेक देशांत नेमसर्व्हर असलेल्या संस्थेकडे ठेवल्या आणि मालकीची नोंद मात्र वेगळ्या रजिस्ट्रारकडे राहू दिली. एकाशी बिनसले, तर दुसऱ्याच्या मदतीने बाहेर पडता यावे, हा त्यामागचा हेतू.

धाकट्या वहीतही नोंदी कमीत कमी केल्या. डीएनएसची वही ही उघडी वही आहे. नाव ठाऊक असलेल्या कोणालाही पत्ता विचारता येतो. म्हणून ‘हिशेब’, ‘कॅमेरा’, ‘कागदपत्रे’ अशी दारे जगापुढे मांडण्याचे कारण नव्हते. बाहेरच्यांसाठी एकच नाव आणि एकच दार ठेवले. तेथे व्हीपीएनची किल्ली असलेल्या घरच्या माणसालाच प्रवेश. बाकीची नावे घरातल्या राउटरपुरती राहिली. अर्थात घराला बाहेरून पोचता येण्याजोगा पत्ता आहे ना, हे पुतण्याने आधीच पाहिले होते. हल्ली पुष्कळ जोडण्यांत एक पत्ता शेकडो घरांत वाटलेला असतो. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर तो तसा सामायिक पत्ता होय. मग डीएनएसची कितीही उत्तम व्यवस्था केली, तरी दार उघडत नाही. तेथे जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा दुसरी वाट काढावी लागते.

नोंदी किती काळ ग्राह्य धरायच्या, हेही ठरवावे लागते. प्रत्येक नोंदीबरोबर तिची मुदत लिहिलेली असते. तेवढा वेळ जगातील इतर यंत्रे ती नोंद स्मरणात ठेवतात. घराचा पत्ता बदलणारा, म्हणून त्याची मुदत ५ मिनिटे. ई-मेलचा पत्ता क्वचित बदलणारा, म्हणून त्याची एक दिवस. वही एका संस्थेकडून दुसरीकडे हलविताना घाई करून चालत नाही. डॉट कॉमच्या वरच्या वहीतील जुनी नोंद दोन दिवसांपर्यंत लोकांच्या स्मरणात राहू शकते. तोवर जुनी वही नव्या वहीच्या बरहुकूम चालू ठेवावी लागते. नोंदींवर डीएनएसएसईसी नावाची डिजिटल मोहोर असेल, तर हलविण्यापूर्वी ती विधिवत उतरवावी लागते. नाहीतर मोहोर जुळत नाही म्हणून खरी नोंदही खोटी ठरते.

या मोहोरेची सर्वांत वरची किल्ली कशी जपतात, हे कळल्यावर काका विशेष प्रसन्न झाले. २०१० पासून ही किल्ली अमेरिकेत व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया येथील दोन सुरक्षित केंद्रांत आहे. वर्षातून साधारण चार वेळा ती वापरण्याचा विधी होतो. प्रत्येक केंद्रासाठी निरनिराळ्या देशांतील ७ विश्वस्त व्यक्ती नेमलेल्या आहेत आणि त्यांपैकी किमान ३ हजर असल्याखेरीज काम पुढे जात नाही. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडते, त्याच परंपरेतील ही गोष्ट. “एवढ्या मोठ्या जगाची किल्ली एकाच्या खिशात नाही,” काका म्हणाले, “आणि आपल्या पेढीची मात्र सगळी तुझ्या डोक्यात!”

ही त्या घरातील खरी उणीव होती. म्हणून शेवटचा निर्णय यंत्राविषयी नव्हता, माणसांविषयी होता. नावाची मालकी पेढीच्या नावे, संपर्क थोरल्या काकांचा. खात्यात प्रवेश काकांना, पुतण्याला आणि धाकट्या सुनेला. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा आणि त्याला मोबाइलवरील दुसऱ्या संकेताची जोड. या खात्याचा ई-मेल मुद्दाम पेढीच्या नावाचा ठेवला नाही. पेढीचे नावच हरवले, तर ते सोडविण्याची पत्रे त्याच हरवलेल्या पत्त्यावर गेली असती. म्हणजे किल्ली हरवल्याची सूचना कुलूपबंद घरात टाकण्यासारखे झाले असते. नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. त्यांनी ५ वर्षांचे पैसे भरले. पण आपोआप नूतनीकरणावर विसंबले नाहीत, कारण ज्या कार्डावरून पैसे कापले जायचे, त्या कार्डाचीही मुदत असते. डॉट कॉमसारख्या नावांना मुदत संपल्यावर काही सवलतीचे दिवस आणि नंतर जादा शुल्क भरून सोडविण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यापुढे थोड्याच दिवसांत ते नाव कोणीही घेऊ शकतो. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी या वहीचीही मुदत पाहायची आणि तिच्या सर्व नोंदींची छापील प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची, असा घरचा नियम झाला. त्या प्रतीबरोबर दोन पानांची मराठी टिपण असते: काय कोठे आहे, काय बदलले तर काय करावे आणि कशाला हात लावू नये.

पुढे पुतण्याला बंगळूरला नोकरी लागली. त्यानंतर चार महिन्यांनी ई-मेल पुरविणारी कंपनी बदलण्याची वेळ आली. तो रात्री फोनवर उपलब्ध होता. पण त्याला फोन करावा लागला नाही. धाकट्या सुनेने टिपण पुढे ठेवून आदल्या दिवशी नोंदीची मुदत कमी केली, दुसऱ्या दिवशी नवी नोंद लिहिली, काकांनी ती कागदाशी ताडून पाहिली आणि मगच ती कायम केली. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, हा बँकेतला आणि पेढीवरचा जुनाच शिरस्ता. दुपारी मागणीचे पहिले पत्र नव्या पेटीत आले. पुतण्याला हे सारे कळले ते आठवडाभराने, सहज बोलण्याच्या ओघात.